कंपायलरचा परवाना आणि त्यातून तयार होणारी आज्ञावली

पतपेढीचे खाते असो वा शाळेचा निकाल, तो हिशेब करणारी संगणकाची आज्ञावली प्रथम माणसास वाचता येईल अशा संहितेत लिहिली जाते. तिचे यंत्रास उमजेल असे रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा अशा साधनांपैकी एक होय. तो विनामूल्य मिळतो आणि ‘जनरल पब्लिक लायसन्स’ अर्थात जीपीएल या परवान्याखाली दिला जातो.

या परवान्याची प्रमुख अट अशी की, त्याखालील आज्ञावली किंवा तिच्यावर आधारलेली नवी कृती जो दुसऱ्यास देईल, त्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. यावरून असा समज पसरतो की, जीसीसी वापरल्यास आपली आज्ञावलीही सर्वांसाठी खुली करावी लागेल. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले असल्याने या समजाचा निरास होणे अगत्याचे आहे.

हातमागावर विणलेल्या लुगड्यावर माग घडविणाऱ्या सुताराचा हक्क पोहोचत नाही. त्याचप्रमाणे कंपायलरमधून निघालेली आज्ञावली ज्याची त्याचीच राहते. परंतु मागाचा दाखला येथे पुरा पडत नाही. दुधास लावलेले विरजण दह्यातच राहते, तसे कंपायलरही आपल्या पदरचे काही तयार तुकडे नव्या आज्ञावलीत मिसळतो. या तुकड्यांच्या संचास रनटाइम लायब्ररी म्हणतात. त्यांना जीपीएलची अट जशीच्या तशी लागू केली असती, तर वरील धास्ती खरी ठरली असती.

बायसन या साधनाच्या बाबतीत तसे घडलेही. भाषेचे व्याकरण दिले असता ते ओळखणारी संहिता बायसन तयार करतो व तीत स्वतःचा मोठा भाग उतरवितो. म्हणून १.२४ या आवृत्तीपूर्वी त्याचे फलित केवळ मुक्त आज्ञावलींतच वापरता येत असे. या बंधनाने इतर आज्ञावली मुक्त होण्यास फारसा हातभार लागत नाही, असे दिसून आल्यावर कर्त्यांनी ते शिथिल केले.

जीसीसीच्या तुकड्यांना स्वतंत्र अपवाद लेखी दिलेला असून त्यास सध्याचे रूप २००९ साली मिळाले. रूपांतराच्या मधल्या टप्प्यावर जीपीएलशी न जुळणारे साधन जोडल्यास मात्र ही सवलत मिळत नाही. सर्वसाधारण कार्यालयास याची बाधा येण्याचे कारण नाही. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचाचा अपाचे परवाना मुळातच सैल आहे. त्यासही असाच अपवाद जोडलेला आहे.

खरी दक्षता हवी ती अन्यत्र. कंत्राटदार बाहेरच्या ज्या लायब्ररी जोडतो, त्यांचे परवाने निराळे असतात. उदाहरणार्थ, रीडलाइन ही लायब्ररी जीपीएलखाली असून तिला असा अपवाद नाही. सबब जोडलेल्या लायब्ररींची परवान्यांसह यादी करारातच मागावी. कार्यालयाने स्वतःपुरती वापरलेली व कोणासही न दिलेली आज्ञावली उघड करण्याचे बंधन जीपीएल घालीत नाही. उलट कंत्राटदाराने जीपीएलवर आधारलेली आज्ञावली हाती दिली, तर तिची मूळ संहिता मिळण्याचा हक्क कार्यालयास पोहोचतो.