परदेशी पेढीतील पैसा

आपला आदिलाबाद जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. त्या संस्थानाची तिजोरी शेतसारा, जंगलाचे उत्पन्न व जकात यांवर भरे. येथील गोंडांना गुरे चारण्यासाठीही कर द्यावा लागे. जल, जंगल व जमीन यांसाठी झगडताना १९४० साली कोमराम भीम जोडेघाट येथे धारातीर्थी पडले, ते याच राजवटीत. या राज्याचा पैसा एकदा परदेशी बँकेत अडकला आणि तो सुटण्यास एकाहत्तर वर्षे लागली. परदेशात गेलेला पैसा परत आणणे एवढे कठीण का, हे समजून घेण्यास त्या हकिगतीसारखे दुसरे उदाहरण नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्याच सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील निजाम सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड व ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे तेथील हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावावर वळती झाली. ती वळती करणारे गृहस्थ संस्थानचे अर्थमंत्री मोईन नवाज जंग होते. २७ सप्टेंबर रोजी निजामाने बँकेस कळविले की, ही रक्कम माझ्या संमतीवाचून गेली आहे, ती परत करावी. बँक पेचात पडली. एक पक्ष म्हणे रक्कम आमची, दुसराही तेच म्हणे. बँकेने ती कोणासच दिली नाही. निजामाने लंडनमध्ये दावा लावला. तो हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९५७ मध्ये तेथे निर्णय झाला की, एखाद्या सार्वभौम राष्ट्राला त्याच्या इच्छेविरुद्ध परक्या न्यायासनापुढे खेचता येत नाही. म्हणजे रक्कम कोणाची, हा मूळ प्रश्न तसाच राहिला! १९६७ साली सातवे निजाम वारले, तरी रक्कम जागची हलली नाही.

पुढे २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच त्या रकमेसाठी दावा आणला आणि त्यामुळे त्याची ढाल आपोआप गळून पडली. आपण संस्थानास शस्त्रे पुरविली, त्याची ही किंमत होती, असेही त्या देशाचे म्हणणे होते. ते टिकले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी भारत सरकार व निजामाचे दोन नातू यांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत दहा लाखांचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ज्यांनी सारा भरला, त्यांच्या वाट्यास त्यातील काय आले, हा प्रश्न मात्र न्यायालयापुढचा नव्हता.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या प्रकरणात काहीच गुप्त नव्हते. बँक ठाऊक होती, खातेदार ठाऊक होता, रक्कम शिलिंगापर्यंत ठाऊक होती. तरीही दोन पिढ्या गेल्या. मग जेथे खातेदाराचे नावच कोणास ठाऊक नाही, तेथे काय होत असेल?

आदिलाबादच्या तहसीलदाराचा हुकूम पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात चालत नाही. पण दोन्ही तीरांवर एकच केंद्र सरकार आहे, म्हणून काम अडत नाही. दोन देशांच्या मध्ये असे वरचे सरकार नसते. आम्हां कोंकणी मंडळींना ही गोष्ट नवी नाही. १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता आणि तेथे येणारे परदेशी सोने व घड्याळे चोरट्या वाटेने हद्द ओलांडून भारतात येत. दोन कायद्यांत अंतर पडले की त्या फटीत कोणी ना कोणी धंदा थाटतोच.

कल्पना करा, एका व्यापाऱ्याने आपल्या भागातील कापसाच्या गाठी परदेशी शंभर रुपयांस विकल्या. पण बिलात साठच दाखविले. उरलेले चाळीस एखाद्या दूरच्या बेटावरील कंपनीच्या खात्यात जमा झाले. त्या कंपनीला ना कारखाना, ना गुमास्ता. एका वकिलाच्या कचेरीतील कागद एवढेच तिचे अस्तित्व. खरा मालक तोच व्यापारी, पण त्याचे नाव कोठेही नाही. केमन बेटे, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, पनामा अशी ठिकाणे या कामासाठी जगभर माहीत आहेत. स्वित्झर्लंडने तर १९३४ च्या कायद्याने बँकेची गुपिते फोडणे हाच गुन्हा ठरविला. चाळीस रुपयांवर जो कर बुडाला, तो कोणत्या तरी शाळेच्या इमारतीतून किंवा दवाखान्याच्या औषधांतून वजा होतो. व्यापाऱ्याच्या जागी लाच घेणारा अधिकारी घातला, तरी वाट तीच.

२००८ च्या जागतिक मंदीने श्रीमंत राष्ट्रांच्याही तिजोऱ्या रित्या झाल्या, तेव्हा कोठे त्यांना जाग आली. (गरीब देश हे गाऱ्हाणे आधीपासून सांगत होते, पण ऐकतो कोण?) २००९ मध्ये यूबीएस या स्विस बँकेला अमेरिकेस ७८ कोटी डॉलर द्यावे लागले आणि काही खातेदारांची नावेही कळवावी लागली. भिंतीला पडलेले हे मोठे भगदाड होय. तरीही दुसऱ्या देशाकडे माहिती मागायची तर प्रथम कोणाविषयी मागतो ते सांगावे लागे. आणि नाव ठाऊक असते तर मागायचे कशाला! म्हणून पॅरिस येथील आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या पुढाकाराने २०१४ मध्ये नवी पद्धत ठरली. प्रत्येक देशाने आपल्या बँकांतील परदेशी खातेदारांची नावे, शिल्लक व व्याज दरवर्षी, न मागता, ज्याच्या त्याच्या देशास कळवावे.

माहिती सर्वांनी एकाच नमुन्यात पाठवायची, हे यातील खरे मर्म आहे. आपल्या घरी निजामकाळातील जमिनीचे उर्दू कागद असतील, तर त्याचे महत्त्व तुम्हांस चटकन कळेल. कागद हातात असतो, हक्कही आपलाच असतो. पण वाचणारा शोधत हिंडावे लागते. भारताला या पद्धतीने पहिली माहिती २०१७ मध्ये मिळाली आणि स्वित्झर्लंडकडून पहिली यादी सप्टेंबर २०१९ मध्ये आली. आज शंभराहून अधिक देश-प्रदेश या व्यवस्थेत आहेत.

दरम्यान २०१५ मध्ये आपल्या संसदेने परदेशी काळ्या पैशाविरुद्ध कायदा केला. ३० टक्के कर, त्यावर कराच्या तिप्पट दंड, शिवाय दहा वर्षांपर्यंत कैद. आरंभी तीन महिन्यांची सवलत दिली होती. तीत साडेसहाशेच्या आसपास लोकांनी चार हजार कोटी रुपयांहून थोडी अधिक संपत्ती जाहीर केली. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा मला फारच लहान वाटतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, पनामातील एका वकिली कचेरीचे एक कोटीहून अधिक दस्तऐवज वृत्तपत्रांच्या हाती लागले व दोन लाखांवर कागदी कंपन्या उजेडात आल्या. आइसलंडच्या पंतप्रधानांना काही दिवसांतच पद सोडावे लागले. त्यांत भारतीयांचीही नावे होती. अर्थात परदेशात खाते असणे हाच काही गुन्हा नव्हे. ते दडविणे हा गुन्हा होय.

जाळे अद्याप पुरते विणलेले नाही. अमेरिका या समान पद्धतीत सामील नाही. तिने आपली निराळी व्यवस्था ठेवली आहे. शिवाय ही योजना बँकेतील ठेवी व रोखे यांसाठी आखलेली. परदेशात घेतलेले घर, तिजोरीतले सोने, भिंतीवरचे मोलाचे चित्र तीत येत नाही. आणि नाव कळले तरी पैसा लगेच हाती येत नाही. लाचलुचपतीचा पैसा मूळ देशास परत करण्याचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या करारात मान्य झाले आहे व भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला. परंतु तो पैसा गुन्ह्याचाच आहे, हे ज्या देशात तो पडून असेल, तेथील न्यायालयाला अजूनही एकेका खात्यापुरते पटवून द्यावे लागते.