एकाच गाठीतील दोन कुळे

मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून बसलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या अस्तरात स्रावी पेशी, त्यांच्याखालच्या तळपेशी आणि संख्येने अत्यल्प अशा चेता-अंतःस्रावी पेशी नांदतात. या ग्रंथीचा नेहमीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकाच्या हुकमतीत वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. परंतु क्वचित एखाद्या गाठीत, या परिचित पेशींच्या शेजारीच, ती हुकमत न जुमानणाऱ्या लघुपेशी कर्करोगाच्या पेशीही आढळतात, आणि ही दोन कुळे मुळातच भिन्न की एकाच पूर्वजाची संतती, असा प्रश्न उभा राहतो.

लघुपेशींच्या उगमाचा संशय दीर्घकाळ त्या अत्यल्प चेता-अंतःस्रावी पेशींवर होता, आणि लघुपेशींचे गुणधर्म त्यांच्याशी जुळत असल्याने तो स्वाभाविकही होता. मात्र २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना टीएमपीआरएसएस-२ व ईआरजी ही जनुके तुटून परस्परांस जोडली गेल्याची खूण प्रोस्टेटच्या अनेक कर्करोगांत सापडली, आणि पुढे अनेक मिश्र गाठींच्या दोन्ही भागांत तीच खूण आढळली, तेव्हा समाईक वंशाचा जणू दप्तरी दाखलाच हाती आला. आरबी-१ व टीपी-५३ या नियंत्रक जनुकांचा लोप झालेली पेशी, विशेषतः संप्रेरक रोखणाऱ्या उपचारांच्या दडपणाखाली, आपली मूळ ओळख टाकून लघुपेशीचे रूप घेते, हेच मत आज अधिक ग्राह्य वाटते. उपचारानेच रोगाला वेषांतराची वाट दाखवावी, हा दैवदुर्विलासच!

अशा रोगात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून स्रवणाऱ्या आणि रोगाचा माग घेण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण, पुष्कळदा कमीच राहते. म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबून न राहता, रोग बळावल्याची लक्षणे दिसताच तज्ज्ञांना ऊतक-परीक्षणाविषयी अवश्य विचारावे.