आतड्यांचा दाह (लेखांक ५) : उशिरा लागू पडणारी गोळी

गेल्या आठवड्यात आपण स्टेरॉइडपाशी थांबलो होतो. स्टेरॉइडने शौचातून रक्त पडायचं थांबतं, पोटदुखी ओसरते, भूक लागते. पण डोस उतरवत आणला की अनेकांचा आजार पुन्हा उसळतो. मग चेहरा सुजतोय, साखर वाढतेय, हाडं ठिसूळ होतायत, तरी तेच चालू ठेवायचं का? अजिबात नाही. इथे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी इम्युनोमॉड्युलेटर औषधं कामी येतात, आणि त्यांत आपल्याकडे सर्वांत जास्त लिहून दिली जाते ती अझाथायोप्रिनची गोळी.

हिचा उगम कर्करोगाच्या संशोधनात आहे. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ल्युकेमियासाठी मर्कॅप्टोप्युरिन तयार केलं. पेशींची संख्या वाढायची तर नवा डीएनए लागतो. त्याच्या घटकासारखा दिसणारा बनावट घटक पुरवला की वाढ अडते, असा त्यांचा विचार होता. अझाथायोप्रिनचं शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच होतं. आतड्यावर चाल करून जाणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींना त्यामुळे लगाम बसतो. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या डॅनियल प्रेझेंट, बर्टन कोरेलिट्झ आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या (आतड्यांच्या दाहाचा एक प्रकार) रुग्णांवरचा अभ्यास छापला : मर्कॅप्टोप्युरिनवर ६७ टक्क्यांना गुण आला, औषध नसलेल्या गोळीवर ८ टक्क्यांना. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. गुण यायला सरासरी तीन महिने लागले होते.

हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर सहाव्या आठवड्यात तो म्हणतो, ‘डॉक्टर, काहीच फरक नाही,’ आणि गोळी सोडून देतो. गोळी लागू पडेपर्यंत आजार स्टेरॉइडने आवरायचा आणि ते हळूहळू उतरवायचं. आणखी एक : क्रोन्स आणि आतड्याचा क्षय दिसायला सारखे असतात. क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणं घातक ठरेल, म्हणून आधी ती शंका फिटली पाहिजे.

आता रक्त तपासणीबद्दल, कारण खरी हेळसांड तिथे होते. ही गोळी अस्थिमज्जेलाही दाबू शकते. गोळीला निष्प्रभ करणारी एन्झाइम्स काहींच्या शरीरात जन्मतः कमजोर असतात. युरोपात त्यांतल्या टीपीएमटी या एन्झाइमकडे लक्ष दिलं जातं. आशियाई लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातला बदल अधिक महत्त्वाचा, हे २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधनाने दाखवलं. असा बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच कोसळू शकतात. केस झपाट्याने गळू लागले तर तो धोक्याचा इशारा समजा. जनुकचाचणी परवडत असेल तर आधी करावी, पण ती केली म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) टळत नाही : सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, पुढे बरं वाटत असलं तरी दर तीन महिन्यांनी, सोबत यकृताच्या चाचण्या. पहिल्या महिन्यात पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे.

दुसऱ्या औषधांबाबतही जपावं लागतं. युरिक अॅसिडसाठी घेतलं जाणारं अॅलोप्युरिनॉलही एलियन-हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेतलं. मर्कॅप्टोप्युरिनचं विघटन रोखण्यासाठीच ते अभ्यासलं गेलं होतं. म्हणूनच दोन्ही नकळत एकत्र घेतली गेली तर अझाथायोप्रिनचा नेहमीचा डोस विषासारखा ठरतो. युरिक अॅसिडसाठीच्या फेबुक्सोस्टॅटचंही तसंच.

अझाथायोप्रिन दीर्घकाळ घेतल्यास लिम्फोमाचा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) धोका थोडा वाढतो. तो खरा आहे आणि लपवू नये. पण आटोक्यात न ठेवलेल्या क्रोन्सने आतडं अरुंद होणं, फिस्टुला, वारंवार शस्त्रक्रिया हे बहुतेक तरुण रुग्णांसाठी जास्त जवळचं संकट असतं. गरोदरपणात अझाथायोप्रिन बहुधा चालू ठेवतात. स्वतःहून बंद करू नका. याच गटातलं दुसरं औषध मेथोट्रेक्झेट मात्र गर्भाला अपाय करतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतल्याने जीव गेले आहेत.

तुमच्या घरात कोणी ही औषधं घेत असेल, तर आज शेवटच्या सीबीसीची तारीख पाहा. तीन महिने उलटले असतील तर उद्याच रक्त द्या. सांधेदुखीच्या, दातांच्या, लसीकरणाच्या प्रत्येक डॉक्टरला या गोळीचं नाव सांगा. पुढच्या आठवड्यात बायोलॉजिक्स.