खांब, माणूस आणि भातातलं फुलपाखरू

न्यायदर्शनात संशयाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. अंधुक उजेडात दूर काहीतरी उभं दिसतं. खांब की माणूस? उंची दोघांनाही असते. समान धर्म दिसतो, विशेष धर्म दिसत नाही, म्हणून संशय.

आता भाताच्या बांधावर या. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बसलंय. स्पर्शिकांच्या टोकाला आकडा आहे, म्हणजे चपळ कुळातलं. पण पेलोपिडास मॅथियास की बोर्बो सिनारा? अळ्या दोघांच्याही भाताची पानं खातात. मॅथियासच्या नराला पुढच्या पंखावर, वरच्या बाजूनं, गंधखवल्यांची तिरपी करडी रेघ असते, सिनाराला नसते. रेघ दिसली, की सिनारा बाद. तरी मॅथियास सिद्ध होत नाही, कारण त्याच्या काही भाईबंदांनाही ती असते. आणि रेघ दिसली नाही, तर? मॅथियासच्या मादीलाही ती नसतेच!

म्हणून पंख मिटलेल्या, अस्पष्ट फोटोखाली ‘चपळ कुळ’ एवढंच लिहावं. घाईनं दिलेलं नाव नोंदीत जातं, नोंदीतून नकाशावर जातं, आणि पुढचा अभ्यासक त्यालाच प्रमाण मानतो. संशय जपून ठेवणं हेही ज्ञानाचंच काम आहे.