साखरेच्या फाइलमधलं यकृत

अंधेरी स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सात वाजताच उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी असते. रात्री लवकर जेवून, पुढे काहीच न खाता फास्टिंग शुगर 150 कशी, हा तिथला नेहमीचा प्रश्न. ही साखर मुख्यतः यकृतातून येते. रात्रभर शरीराला ग्लुकोज पुरवायचं काम यकृताचं आणि त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं. टाइप टू मधुमेहात यकृत तो आवर जुमानत नाही. मेटफॉर्मिनची गोळी प्रामुख्याने इथेच काम करते.

हेच यकृत त्याच वेळी चरबी साठवत जातं. टाइप टूच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना फॅटी लिव्हर असतं.

बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांपुरतं न थांबता दोन रेल्वे वसाहतींतल्या रहिवाशांची तपासणी केली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वीस वर्षांवरच्या सुमारे 19 टक्के लोकांत फॅटी लिव्हर निघालं, आणि त्याचं कारण दारू नव्हतं. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून अमरापूरकर गेले. मुंबईला तो मृत्यू आठवतो. त्यांचं हे कामही तितकंच आठवायला हवं.

पोट सुटलेल्यांनाच हा आजार होतो, हा समजही खरा नाही; सडपातळ अंगातही चरबी दडलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच होता, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के! दोघांनी 2004 मध्ये ही तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली.

खरी फसगत होते ती रिपोर्टमध्ये. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन’ येतं, एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल असतं, आणि कागद फाइलमध्ये जातो. पण चरबीपेक्षा यकृतातले व्रण महत्त्वाचे, आणि एसजीपीटी नॉर्मल असूनही ते असू शकतात. त्यांचा अंदाज ‘फिब-4’ या हिशेबाने घेतात. वयाला एसजीओटी या दुसऱ्या एन्झाइमच्या आकड्याने गुणायचं. प्लेटलेट्सच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा वय 58, एसजीओटी 38, एसजीपीटी 36, प्लेटलेट्स 1 लाख 60 हजार. एकाही आकड्यापुढे लाल खूण नाही, तरी उत्तर सुमारे 2.3. मर्यादा 1.3 ची. म्हणजे पुढे यकृताचा ताठरपणा मोजणारा फायब्रोस्कॅन हवा. यासाठी वेगळं रक्त काढावं लागत नाही. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत हा हिशेब व्हायलाच हवा.

केंद्र सरकारने 2021 मध्ये फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. अमेरिकेत 2024 च्या मार्चमध्ये रेस्मेटिरॉम या औषधाला, तर 2025 मध्ये सेमाग्लुटाइडला या आजारातल्या सूज आणि व्रणांसाठी मान्यता मिळाली. तरीही वजन जास्त असणाऱ्यांसाठी पहिला उपाय वजन उतरवण्याचाच आहे: पाच टक्के उतरलं की चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांत सूज ओसरू लागते. 80 किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले.