चेडवर्थच्या फरशीखालची तारीख

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थच्या रोमन हवेलीत जेवणघराच्या फरशीवर चार कोपऱ्यांत मोझेकचे चार ऋतू होते. वसंत आणि ग्रीष्म ही गुटगुटीत पोरं, अंगावर कपडा जवळजवळ नाहीच. शरद कोपऱ्यासकट नाहीसा झालाय. हिवाळा मात्र बाप्या माणूस: डोक्यावरून टोपीचा जाड झगा ओढलेला, एका हातात ससा, दुसऱ्यात पानं झडलेली फांदी. ऋतूंची कल्पना भूमध्य समुद्राकडची, पण झगा अस्सल ब्रिटनचा. इथल्या थंडीची मालकाला पुरती जाणीव असावी. फरशीच ठेंगण्या खांबांवर उचलून तिच्याखालून भट्टीची गरम हवा फिरवलेली आहे. न्हाणीघरंही दोन, एक वाफेचं, एक कोरड्या उष्णतेचं. पाणी मागच्या टेकडीतल्या झऱ्याचं. तो अजून अष्टकोनी कुंडात पडतो. कुंडाच्या दगडावर नंतर कुणीतरी ख्रिस्ताचं चिन्ह कोरलं.

१८६४ मध्ये जमीनदाराच्या जंगलराख्याला इथे मोझेकचे रंगीत तुकडे सापडले. पुरातन वस्तूंचे अभ्यासक जेम्स फॅरर यांनी दोनेक वर्षांतच बहुतेक हवेली उघडी केली. त्या घाईत वरचे थर उपसून फेकले गेले आणि शेवटच्या रहिवाशांचा मागमूसही त्यांच्याबरोबरच गेला. भिंतींवर कौलांची चिमुकली छपरं घालायचं शहाणपणही त्याच पिढीचं. त्या पिढीने ऐन मधोमध बांधलेलं घर मात्र मला आजही आगंतुक वाटतं.

१९२४ पासून हवेली वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. कायद्याने संरक्षित स्मारक असल्यामुळे परवानगीशिवाय इथे कुदळ मारता येत नाही. २०१२ मध्ये पश्चिमेकडच्या खोल्यांवर नवं छप्पर आलं; आत मोझेकच्या वरून जाणाऱ्या वाटेवरून बघायचं, फरशीला पाय लागत नाही.

उत्तरेकडच्या एका खोलीत मात्र जुन्या खोदकामातून थोडं काही वाचलं होतं. तिथल्या भिंतीच्या पायातल्या कोळशाचं आणि हाडाचं कार्बन-वय काढलं, तेव्हा भिंत इ.स. ४२४ च्या आधीची असूच शकत नाही असं निघालं. खोलीतलं मोझेक त्याहूनही नंतरचं. २०२० मध्ये ट्रस्टने हे जाहीर केलं. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधली रोमची सत्ता संपली, शहरं ओस पडली, लोक पोटापुरतं पिकवू लागले, असं तोवर बहुतेक जण धरून चालले होते. इथे मात्र मोठी खोली भिंत घालून विभागली गेली आणि नवी फरशी बसवायला कारागीर आले. चौथ्या शतकातली सफाई त्यांच्या हातात नाही, नक्षीत चुका आहेत. तरी काम रिवाजाप्रमाणे, घडवलेल्या दगडी तुकड्यांचंच.