उन्हाच्या नावावर बिल फाडण्याआधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, धुळंही फार मागे नसतं. अशा दुपारी अजिंठा चौफुलीवर एखाद्या आर वन फाइव्ह किंवा आरसी 390 बाइकच्या रेडिएटरचा पंखा घरघरू लागला, की शेजारचा हमखास सांगतो, ‘भाऊ, गाडी हीट झाली, बंद कर.’

पंखा सुरू होणं हा बिघाड नाहीच. कूलंट 100 अंशांच्या आसपास पोहोचलं की पंखा लागतो आणि उभ्या गाडीला न मिळणारा वारा रेडिएटरला देतो. घोर लावून घ्यायचा तो पंखा न फिरताच तापमान चढत राहिलं किंवा लाल दिवा लागला तर.

‘आपल्याकडचं ऊनच तसं, त्याला गाडी काय करणार?’ हे अर्धसत्य आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 अंशांवर असेल तर 30 अंशांच्या हवेत हा फरक 65 चा, 45 अंशांच्या हवेत 50 चा. म्हणजे तोच रेडिएटर इथे साधारण पाऊणपट काम करतो. धडधाकट यंत्रणा तेवढ्यावर भागवते. पण जाळीत माती आणि किडे बसलेले असतील, समोर हौसेने जादा लाइट लावलेले असतील, तर ती तूट भरून निघत नाही. थंड गावात खपून जाणारा बारीकसा बिघाड धुळ्यात उघडा पडतो, तो असा.

सर्वात महाग पडणारा गैरसमज पाण्याचा: कूलंटऐवजी साधं पाणी चालतं. साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता धरतं, हे खरंच आहे. पण ते 100 अंशांना उकळतं. कूलंट, म्हणजे ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटरचं निम्मं-निम्मं मिश्रण, 107 च्या आसपास. त्यावर कुकरच्या शिटीसारखी दाब धरणारी रेडिएटर कॅप, त्यामुळे ही मर्यादा 120 च्याही पुढे सरकते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं नसल्याने ॲल्युमिनियम खराब होतं. रस्त्यात अडलं तर स्वच्छ पाणी जरूर घालावं, पण घरी आल्यावर सगळं काढून यंत्रणा धुवावी. नवं कूलंट भरताना आत अडकलेली हवाही काढावी, नाहीतर गाडी पुन्हा तापते. आणि कूलंटच्या रंगावर जाऊ नये. रंग हे दर्जाचं प्रमाण नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्यावा.

इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहतं, असंही सर्रास सांगितलं जातं. इंजिन नको तितकं थंड राहिलं की पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो. थर्मोस्टॅट अडकलाच असेल तर नवा बसवावा.

दोष शोधायची साधी रीत आहे. हायवेवर ठीक आणि सिग्नलवर तापते, तर आधी पंखा पाहावा: फ्यूज, रिले, वायरिंग, सेन्सर. पळतानाही तापते, तर कूलंट कमी, रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट बंदच अडकलेला किंवा पंप गेलेला. पुष्कळ गाड्यांत वॉटर पंपाखाली एक छोटं छिद्र असतं. तिथून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलं. ते छिद्र एम-सीलने बुजवणं म्हणजे कूलंटला इंजिन ऑइलची वाट दाखवणं. बाहेर कुठेच गळती नाही, तरी कूलंट घटतं आणि ऑइल दुधी दिसतं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तेव्हा गाडी चालवूच नये.

तापलेल्या गाडीची कॅप मात्र कधीही उघडू नका, कितीही घाई असो. दाब सुटताक्षणी उकळतं कूलंट तोंडावर उडतं. गाडी सावलीत लावा, पूर्ण थंड होऊ द्या, मगच हात घाला. अन् होळीच्या आसपास, ऊन चढायच्या आधी, रिझर्व्ह टाकीची पातळी, पंखा आणि रेडिएटरची जाळी एकदा बघून घ्या. जाळी धुताना प्रेशरचा फवारा नको, त्याने पापुद्र्यासारखे पत्रे वाकतात.